वाचकांचे प्रश्न : परदेशी हेर जोडणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची होती, म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. उत्तरे मुख्यतः शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकेची सीआयए, ब्रिटनची एमआय६ आणि त्यांच्या समोर उभ्या असलेल्या केजीबी व जीआरयू (ही लष्कराची) या सोव्हिएत गुप्तचर संस्थांपुरती मर्यादित ठेवली आहेत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यानंतर त्या काळातील कागद, आठवणी आणि खटल्यांचे तपशील जितके बाहेर आले, तितके इतर कोणत्याही काळाबाबत उपलब्ध नाहीत. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर विसंबण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : गुप्तचर अधिकारी स्वतः कागद चोरतो की दुसऱ्याकडून ते मिळवतो? त्याचा रोजचा दिवस कसा जात असेल? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : दुसऱ्याकडून मिळवतो. अधिकारी आणि एजंट ही दोन वेगळी माणसे असतात, आणि बहुतेक गैरसमज या दोघांची सरमिसळ केल्यामुळे होतात. अधिकारी हा आपल्या देशाचा पगारी सरकारी नोकर असतो. त्याला रजा असते, बढती असते, वार्षिक गोपनीय अहवाल असतो आणि शेवटी निवृत्तिवेतनही असते. एजंट हा परक्या देशाचा नागरिक असून त्याच्या हाताला त्या देशाची गुपिते लागतात. अधिकाऱ्याचे काम अशा माणसाला शोधणे, त्याचा विश्वास मिळवणे, त्याच्याकडून माहिती घेणे आणि तो पकडला जाणार नाही याची काळजी घेणे एवढेच असते. हे ‘एवढेच’ किती मोठे असते, ते पुढील उत्तरांत येईल.

परदेशात हा अधिकारी बहुधा दूतावासातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या सचिवाच्या खुर्चीत बसतो. ती खुर्ची दिखाऊ असून चालत नाही. व्हिसाचे अर्ज तपासणे, व्यापारविषयक पत्रव्यवहार करणे, पाहुण्या शिष्टमंडळांची व्यवस्था पाहणे ही कामे त्याला खरोखर करावी लागतात, कारण यजमान देशाचे पाळतखाते कोणता ‘सचिव’ कामावर कमी दिसतो याची नोंद ठेवत असते. दिवसभराची ही नोकरी आटोपल्यावर त्याची दुसरी नोकरी सुरू होते. संध्याकाळच्या स्वागत समारंभांना जाऊन ओळखी करायच्या, कोण कोणावर नाराज आहे हे कान देऊन ऐकायचे, आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे दूतावासातील बंद खोलीत बसून सगळे लिहून काढायचे. लिखाणाचा हा भाग चित्रपटांत कधी दिसत नाही. प्रत्येक भेटीनंतर भेट कोठे झाली, कोणत्या रस्त्याने गेलो, समोरच्याची मनःस्थिती कशी होती, तो काय म्हणाला, काय म्हणायचे त्याने टाळले, किती खर्च झाला, हे सर्व मुख्यालयाला कळवावे लागते. पुढची भेट घ्यावी की नाही याचा निर्णयही बहुतेक वेळा मुख्यालयातूनच येतो.

मॉस्कोसारख्या शहरात पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीसाठी अधिकारी तीन-चार तास शहरात फिरत राही. आधी मोटारीने, मग पायी, मग बसने किंवा भुयारी रेल्वेने, मध्येच दुकानात शिरून, असे करत पाठीवर कोणी नाही याची खात्री झाल्यावरच तो ठरलेल्या जागी जाई. पाठीवर कोणी आहे असे वाटले, तर भेट रद्द करून मुकाट्याने घरी परतणे हेच चांगल्या कामाचे लक्षण मानले जाई. डिसेंबर १९८२ मध्ये सीआयएच्या एका अधिकाऱ्याने वळणावर चालत्या मोटारीतून उतरून अंधारात शिरण्यासाठी केकच्या खोक्यातून उघडणारा पुतळा वापरला. मागच्या पाळतवाल्यांना मोटारीत माणसांची संख्या तेवढीच दिसावी, एवढाच त्या पुतळ्याचा उपयोग होता. अशी गंमत वाटावी अशी साधने वर्षातून एखाद्या वेळी बाहेर निघत. बाकीचे दिवस फिरण्यात आणि लिहिण्यात जात.

प्रश्न : अनोळखी, त्यातही शत्रुराष्ट्राच्या माणसाला देशद्रोहासाठी कसे तयार करतात? असे कोणी सरळ विचारू शकतो का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : सरळ विचारण्याची वेळ शेवटी येते, आणि काम नीट झाले असेल तर त्या वेळी उत्तर दोघांनाही माहीत असते. आपल्याकडे लग्न जुळवणारा अनुभवी मध्यस्थ दोन्ही घरांचा कल कळल्याखेरीज ‘बोलणी करू या’ हे शब्द उच्चारत नाही, तसेच हे आहे. या व्यवसायात त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : माणूस हेरणे, त्याची पारख करणे, ओळख वाढवणे, प्रस्ताव मांडणे, मग त्याला सांभाळणे, आणि गरज संपल्यावर संबंध नीट आवरते घेणे. प्रशिक्षणात हा क्रम शिकवला जातो. प्रत्यक्षात त्यातील ओळख वाढवण्याच्या पायरीवरच वर्षे जातात आणि बहुसंख्य ओळखी तेथेच थांबतात.

ओलेग गोर्दियेव्हस्की यांचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे. ते केजीबीचे अधिकारी होते आणि डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील सोव्हिएत दूतावासात त्यांची दोनदा नेमणूक झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा संतापलेल्या गोर्दियेव्हस्की यांनी डॅनिश गुप्तचर ऐकत असणार हे ठाऊक असलेल्या दूरध्वनीवरून पत्नीजवळ आपला राग बोलून दाखवला. तो इशारा तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्तचर खात्यातील त्यांचा जुना मित्र पळून पश्चिमेकडे गेला, आणि मनातून डळमळलेला माणूस म्हणून त्याने त्यांचे नाव घेतले. आता माणूस हेरला गेला होता. पारख बाकी होती.

त्यानंतर १९७३ मध्ये एमआय६चे कोपनहेगनमधील अधिकारी रिचर्ड ब्रोमहेड हे गोर्दियेव्हस्की सकाळी लवकर जेथे बॅडमिंटन खेळत, त्या हॉलमध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी जेवणाचे निमंत्रण दिले. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : गोर्दियेव्हस्की यांनी या निमंत्रणाची माहिती आपल्या वरिष्ठांना दिली आणि त्यांच्या परवानगीनेच ते जेवायला गेले. प्रत्येक देशाच्या गुप्तचराला समोरच्या गोटातील माणसाशी बोलण्याची मुभा असते, कारण त्याचा वरिष्ठ समजतो की आपला माणूस त्याला ओढून आणतो आहे. त्या जेवणात काहीही घडले नाही. ब्रिटिशांना हा माणूस इतक्या सहज आला याचाच संशय आला आणि त्यांनी बरेच महिने गप्प राहणे पसंत केले. पुन्हा संपर्क होऊन सहकार्य सुरू झाले ते १९७४ च्या अखेरीस, आणि तेव्हाही अटी घातल्या त्या गोर्दियेव्हस्की यांनी : पैसे घेणार नाही, माझी छायाचित्रे किंवा ध्वनिमुद्रण चोरून करायचे नाही, आणि माझ्या कार्यालयातील सहकाऱ्यांना इजा होईल असे काही करायचे नाही. ब्रोमहेड यांनी हे नाते पुढे दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवले. ज्याने दार उघडले त्यानेच घरात राहावे असा या नोकरीत नियम नाही. उलट बदली झाली की वर्षानुवर्षे जोडलेला माणूस दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जावे लागते, आणि तो माणूस नव्याशी जुळवून घेईल की नाही ही टांगती तलवार राहते.

प्रश्न : शेवटी सगळा पैशाचाच खेळ नाही का? (व्यापारी, इचलकरंजी)

उत्तर : पैसा असतो, पण तो क्वचितच एकटा असतो. अमेरिकी प्रशिक्षणात पैसा, विचारसरणी, दबाव आणि अहंकार अशी चार कारणे सांगितली जातात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात शत्रूच्या राज्यातील फोडता येण्याजोग्या लोकांचे क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी असे चार वर्ग दिले आहेत आणि कोणाला कोणत्या शब्दांत भुलवावे याचे नमुनेही दिले आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर मला आपली यादी अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्यात क्रुद्ध माणसाला स्वतंत्र जागा आहे. शीतयुद्धातील नामांकित एजंटांच्या कहाण्या वाचताना सर्वाधिक वेळा भेटतो तो हाच अपमानाने पेटलेला माणूस.

मॉस्कोतील रडार बनवणाऱ्या संस्थेतील अभियंता अडोल्फ तोल्काचेव्ह यांनी सीआयएकडून मोठ्या रकमा मागितल्या, हे खरे आहे. पण ज्या देशात महागडी वस्तू विकत घेतली तरी शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येई, तेथे त्या रकमेचे ते करणार काय होते? त्यांच्या पत्नीच्या आईला स्टालिनच्या काळात गोळी घालण्यात आली होती आणि वडील छावणीत खितपत पडले होते. आपल्या कामाची किंमत समोरच्याला कळते आहे की नाही, हे जोखण्याचे माप म्हणून ते पैशाकडे पाहत होते, असेच त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. त्यांच्या इतर मागण्या होत्या मुलासाठी पाश्चात्त्य रॉक संगीताच्या तबकड्या, चित्रकलेची लेखणी आणि शाई, औषधे, पुस्तके. या वस्तू मिळवणे, त्यांवरील परदेशी खुणा काढणे आणि अंधाऱ्या रस्त्यावर पिशवीतून त्या पोचत्या करणे हेही त्या गुप्तचर अधिकाऱ्याच्या कामात मोडत होते. त्याआधी १९५० च्या दशकात व्हिएन्नामध्ये जीआरयूचे अधिकारी प्योत्र पोपोव्ह अमेरिकनांना येऊन मिळाले. ते शेतकरी घरातले होते, आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी गावाकडच्या भावासाठी कालवड घेऊन दिली. त्यांना सांभाळणारे जॉर्ज किसेव्हाल्टर हे सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेले आणि रशियन भाषा घरात बोललेले अधिकारी होते. पोपोव्ह यांचे शेतीचे गाऱ्हाणे ऐकत बसण्याची त्यांची तयारी ही त्या प्रकरणातील सर्वांत मोठी कमाई होती, असे माझे मत आहे.

प्रश्न : यातले काही भारतात घडले होते का? (ग्रंथपाल, पणजी)

उत्तर : होय, आणि फार महत्त्वाचे घडले. जीआरयूचे दिमित्री पोल्याकोव्ह यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमध्ये नेमणुकीवर असताना अमेरिकनांशी संबंध जोडला. त्यांचा आजारी मुलगा न्यूयॉर्कमधील रुग्णालयात उपचारांनी वाचू शकला असता, पण वरिष्ठांनी परवानगी नाकारली आणि मूल दगावले, असे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. नंतर ते रंगूनला आणि १९७० च्या दशकात दिल्लीच्या सोव्हिएत दूतावासात लष्करी प्रतिनिधी म्हणून आले. याच काळात त्यांना जनरलची पदवी मिळाली, म्हणजे सीआयएचा माणूस सोव्हिएत लष्करी गुप्तचर संस्थेच्या वरच्या फळीत जाऊन बसला.

दिल्लीतील त्यांचा अमेरिकी अधिकारी त्यांना उघड्या जागी भेटे. यमुनेच्या काठी मासे पकडण्याचे निमित्त करून दोघे बोलत बसत. पोल्याकोव्ह यांच्याकडे सोयीचा खुलासा तयार होता : मी या अमेरिकनाला आपल्याकडे वळवतो आहे. मॉस्कोत असे बसणे अशक्य होते. तेथे हालचाल करणारा अधिकारी जवळजवळ कायम पाळतीखाली असे, म्हणून तिसऱ्या देशात, जेथे दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी एकमेकांना सहज भेटू शकतात, तेथे खरी कामे होत. अलिप्ततावादी भारताची राजधानी दोन्ही गटांच्या गुप्तचरांना यासाठीच सोयीची होती. व्हिएन्नालाही हीच सोय होती.

पोल्याकोव्ह वर्षाला तीन हजार डॉलरांहून अधिक मोबदला घेत नसत आणि तोही बहुतांशी सुतारकामाची यंत्रे, मासेमारीचे साहित्य व बंदुका अशा वस्तूंच्या रूपात. सोव्हिएत-चीन वैराचे तपशील आणि सोव्हिएत रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची माहिती यांसह त्यांनी दिलेल्या साहित्याने अमेरिकी संग्रहात कपाटे भरली. त्यांना १९८० मध्ये मॉस्कोला परत बोलावणे आले, तेव्हा गरज पडल्यास अमेरिकेत आश्रय मिळेल असे त्यांना सुचवण्यात आले. मी रशियन म्हणून जन्मलो आणि रशियन म्हणूनच मरेन, माझी वाट पाहू नका, असे सांगून त्यांनी ते नाकारले. १९८८ मध्ये त्यांना देहदंड झाला. त्यांना दगा देणारे दोघेही, रॉबर्ट हॅन्सन आणि आल्ड्रिच एम्स, अमेरिकी सरकारच्या पगारावरच होते.

प्रश्न : या अधिकाऱ्यांजवळ पिस्तूल असते का? (इयत्ता नववी, अहमदनगर)

उत्तर : व्हर्जिनियातील कॅम्प पिअरी या प्रशिक्षण तळावर शस्त्रे चालवणे शिकवले जाते, पण वर सांगितलेल्या कामांत पिस्तुलाला जागा नाही. मुत्सद्द्याच्या खिशात ते सापडणे ही त्याची अब्रू आणि नोकरी दोन्ही घालवणारी गोष्ट ठरेल.

प्रश्न : घरच्यांना हे ठाऊक असते का? आणि या कामात स्त्रिया होत्या का? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : पती किंवा पत्नीला बहुधा ठाऊक असते, मुलांना मोठी होईपर्यंत सांगत नाहीत, आणि आईवडील व मित्र यांना अधिकारी ‘परराष्ट्र खात्यात’ आहे एवढेच माहीत असते. मोठ्या यशानंतरही घरी पेढे वाटता येत नाहीत.

पत्नींनी या कामात विनावेतन मोठा वाटा उचलला आहे. ओलेग पेन्कोव्हस्की हे जीआरयूचे कर्नल १९६१ आणि १९६२ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोघांना माहिती देत होते. मॉस्कोत त्यांच्याकडून चित्रफिती घेण्याचे काम एमआय६च्या तेथील अधिकाऱ्याच्या पत्नी जॅनेट चिझम यांनी केले. त्या आपली लहान मुले घेऊन बागेत बसत, आणि पेन्कोव्हस्की येताजाता मुलांना मिठाईची डबी देत. फिती त्या डबीत असत. लेकुरवाळ्या बाईकडे कोणी संशयाने पाहणार नाही हा हिशेब काही काळ बरोबर ठरला. पुढे केजीबीच्या नजरेत या भेटी आल्या. ऑक्टोबर १९६२ मध्ये पेन्कोव्हस्की यांना अटक झाली आणि मे १९६३ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

स्त्री अधिकाऱ्यांना मात्र सीआयएने दीर्घकाळ कचेरीतील नोंदींच्या कामावर बसवले. मार्था पीटरसन यांना १९७५ मध्ये मॉस्कोला पाठवले गेले. तेथे प्रत्यक्ष हेरांचे काम करणाऱ्या सीआयएच्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. त्यांचे पती, तेही सीआयएचे अधिकारी, १९७२ मध्ये लाओसमध्ये मारले गेले होते. गंमत अशी, की केजीबीलाही स्त्री हे काम करत असेल असे वाटत नव्हते, त्यामुळे दीर्घकाळ पीटरसन यांच्या मागे पाळतच नव्हती. सोव्हिएत मुत्सद्दी अलेक्सांद्र ओगोरोद्निक यांना कोलंबियातील बोगोटा येथे जोडण्यात आले होते; मॉस्कोत परतल्यावर त्यांच्यासाठी साहित्य लपवून ठेवण्याचे काम पीटरसन करत. जुलै १९७७ मध्ये मॉस्क्वा नदीवरील रेल्वेपुलावर त्यांना पकडण्यात आले. ओगोरोद्निक यांनी त्याआधीच पेनात दडवलेले विष घेऊन जीव दिला होता, हे त्यांना नंतर कळले.

प्रश्न : आपणहून येणारा माणूस खरा की पाठवलेला, हे कसे ओळखतात? (अधिवक्ता, अकोला)

उत्तर : ओळखण्याचा खात्रीचा उपाय नाही, आणि हाच या नोकरीतील सर्वांत अवघड भाग आहे. या सदरात आलेल्या नावांकडे पुन्हा पाहा. पोपोव्ह, पेन्कोव्हस्की, तोल्काचेव्ह, पोल्याकोव्ह हे सगळे आपणहून आले. भरतीच्या कौशल्याचे जे गोडवे गायले जातात, त्यांच्याबद्दल मला म्हणूनच शंका वाटते. आलेल्या माणसाला हाकलून न देणे, हे पुष्कळदा त्या कौशल्यापेक्षा अधिक मोलाचे ठरले, आणि संस्थांना तेच अधिक जड गेले.

पेन्कोव्हस्की यांनी ऑगस्ट १९६० मध्ये मॉस्कोतील पुलावर अमेरिकी विद्यार्थ्यांना गाठून त्यांच्या हाती पत्र दिले. त्यानंतर लंडनच्या माउंट रॉयल हॉटेलमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांशी त्यांची पहिली नीट भेट झाली ती एप्रिल १९६१ मध्ये. मधले आठ महिने हा उच्चपदस्थ कर्नल आपले ऐकणारा कोणी मिळतो का, हे शोधत होता. तोल्काचेव्ह यांची गोष्ट तर याहून कठीण. त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये मॉस्कोत मुत्सद्द्यांसाठी असलेल्या पेट्रोलपंपावर सीआयएच्या स्थानिक प्रमुखाला गाठून चिठ्ठी दिली. मुख्यालयाला हा केजीबीचा सापळा वाटला आणि उत्तर देऊ नये असा आदेश आला. त्यांनी पुनःपुन्हा प्रयत्न केले. त्यातच ओगोरोद्निक प्रकरण बुडाले आणि सीआयएचे तत्कालीन संचालक स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी मॉस्कोतील कामे थांबवली. अखेर १ जानेवारी १९७९ रोजी रशियन उत्तम बोलणारे अधिकारी जॉन गिल्शर यांनी तोल्काचेव्ह यांची प्रत्यक्ष भेट घेतली.

संशय अती झाला तर काय होते याचे दुसरे टोक म्हणजे युरी नोसेन्को. केजीबीचे हे अधिकारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या आश्रयाला आले, आणि ते पेरलेले असावेत या तर्कावर सीआयएने त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवले. पुढे त्यांना निर्दोष मानून नुकसानभरपाई देण्यात आली. माझ्या मते प्रश्नाचे व्यवहारी उत्तर कागदात असते : पाठवलेला माणूस सहसा असे काही देत नाही ज्याने पाठवणाऱ्याचे खरे नुकसान होईल. तोल्काचेव्ह यांच्या चिठ्ठ्यांतील रडारचे तपशील वॉशिंग्टनमधील तज्ज्ञांना दाखवले गेले, तेव्हा असे देऊन कोणी सापळा रचत नाही हे मत बळकट झाले.

प्रश्न : एजंट पकडला गेला तर अधिकाऱ्याचे काय होते? त्याला अपराधी वाटत नसेल का? (समुपदेशक, नाशिक)

उत्तर : राजनैतिक कव्हर असलेल्या अधिकाऱ्याला १९६१ च्या व्हिएन्ना करारामुळे संरक्षण मिळते. काही तासांची चौकशी, वर्तमानपत्रात छायाचित्र, देश सोडण्याचा आदेश, आणि मग त्या देशातील नेमणुकीला कायमचा पूर्णविराम. पोपोव्ह, पेन्कोव्हस्की, तोल्काचेव्ह आणि पोल्याकोव्ह या चौघांनाही मात्र देहदंड झाला. धोक्याची ही वाटणी अत्यंत विषम आहे, आणि अनेक अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर हा सल बोलून दाखवला आहे.

काही वेळा मात्र वर्षानुवर्षांची शिस्त कामी आली. गोर्दियेव्हस्की यांना मॉस्कोतून पळवून नेण्याची योजना आधीच तयार होती. त्यांनी ठरलेल्या रस्त्यावर विशिष्ट ब्रिटिश दुकानाची पिशवी घेऊन उभे राहायचे होते. तो संकेत पाहण्यासाठी एमआय६चे मॉस्कोतील अधिकारी दर मंगळवारी संध्याकाळी तेथून जात, गोर्दियेव्हस्की लंडनला नेमणुकीवर असतानासुद्धा, कारण हा क्रम मोडलेला दिसला असता तर संशय आला असता. जुलै १९८५ मध्ये पिशवी खरोखर दिसली. दोन ब्रिटिश मुत्सद्दी पत्नींसह आणि एका तान्ह्या बाळासह मोटारींनी फिनलंडकडे निघाले. व्हिबोर्गजवळ त्यांनी गोर्दियेव्हस्की यांना मोटारीच्या डिकीत घेतले, आणि सीमेवर कुत्री हुंगू लागली तेव्हा बाळाचे दुपटे बदलण्याचा घाट घालून त्यांचे लक्ष वळवले.

त्याच उन्हाळ्यात सीआयएचे आल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमध्ये एका सोव्हिएत मुत्सद्द्याबरोबर वरचेवर जेवायला जात होते. हे जेवण वरिष्ठांना ठाऊक होते. त्या मुत्सद्द्याला आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न म्हणून त्याला मान्यताही होती. एम्स यांनी एप्रिल १९८५ मध्येच सोव्हिएत दूतावासात जाऊन स्वतःला विकायला काढले होते, आणि १३ जून रोजी अशाच एका जेवणात त्यांनी सीआयएच्या सोव्हिएत एजंटांची नावे असलेले कागद दिले. त्यांच्यामुळे किमान दहा जण मृत्युदंडाला गेले. एम्स स्वतः अंकारातील पहिल्या नेमणुकीत माणसे जोडण्यात कच्चे ठरले होते. १९९४ मध्ये त्यांना पकडेपर्यंत नऊ वर्षे गेली. या शोधात जीन व्हर्टफॉय आणि सँडी ग्राइम्स या दोन स्त्री अधिकाऱ्यांचे चिकाटीचे काम निर्णायक ठरले.

प्रश्न : मोबाइल आणि इंटरनेटच्या काळात हे सगळे जुनाट झाले असेल ना? (संगणक अभियंता, पुणे)

उत्तर : जुने मार्ग कठीण झाले आहेत. विमानतळांवरील बोटांचे ठसे, चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि प्रत्येकाचा इंटरनेटवरील इतिहास यांमुळे खोट्या नावाने दोन देशांत वावरणे फार अवघड आहे. त्यामुळे एका टोकाला सीआयएने २०२२ पासून रशियन भाषेत, आणि पुढे चिनी, फारसी व कोरियन भाषांतही, आपल्याशी सुरक्षित संपर्क कसा साधावा याच्या सूचना जाहीरपणे प्रसिद्ध केल्या. आपणहून येणाऱ्याची वाट पाहण्याचे ते आजचे रूप आहे.

दुसऱ्या टोकाला समोरासमोर न भेटता केलेली ओळख आहे. पुण्यातील डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणेशी संबंधित स्त्रीने व्हॉट्सॲपवरून त्यांच्याशी ओळख वाढवून माहिती मिळवल्याचा आरोप आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पद्धत मात्र वाचकांनी ओळखली असेलच. माणूस हेरणे, पारख करणे, ओळख वाढवणे हा क्रम तोच आहे. फक्त जोडणाऱ्या अधिकाऱ्याला आता त्या शहरात पाय ठेवावा लागत नाही, आणि एका वेळी शेकडो जणांना निरोप पाठवून कोण उत्तर देतो ते पाहत बसणे त्याला परवडते.

प्रश्न : भारतात अशा नोकरीसाठी अर्ज कोठे करावा? (पदवीधर, लातूर)

उत्तर : परदेशातील गुप्तवार्तेचे काम पाहणाऱ्या ‘रॉ’ची स्थापना सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिच्या अधिकारीपदांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात येत नाही. तेथे प्रामुख्याने भारतीय पोलीस सेवा आणि इतर केंद्रीय सेवांमधून अधिकारी घेतले जातात, म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा हा त्यातील मुख्य रस्ता आहे. देशांतर्गत काम पाहणारी इंटेलिजन्स ब्युरो सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदासाठी पदवीधरांची खुली परीक्षा घेते आणि तिची जाहिरात केंद्रीय गृहमंत्रालय प्रसिद्ध करते. आपण पत्रात कराटे येत असल्याचे लिहिले आहे. त्यापेक्षा एखादी परकी भाषा, शक्यतो शेजारच्या देशाची, मनापासून शिकायला घ्यावी.